पाठीवरची पिन

ऑस्ट्रेलियात टली नावाचं गाव आहे. 20 सप्टेंबर 2025 रोजी तिथून उडालेलं सेसना कॅरॅव्हान हे छोटं विमान 15 हजार फुटांवर पोचलं. आत सतरा स्कायडायव्हर. सोळा जणांनी हवेत एकमेकांना धरून आकृती करायची आणि सतराव्याने चित्रीकरण करायचं, असा बेत. पहिला गडी दारातून बाहेर सरकला आणि त्याच्या राखीव पॅराशूटचं हँडल पंखाच्या फ्लॅपला अडकलं. पॅराशूट तिथेच उघडलं. तो मागे खेचला गेला. बाहेर लटकलेल्या कॅमेरावाल्याला धक्का बसून तो सुटला, आणि याचे पाय विमानाच्या शेपटीवर आदळले. पॅराशूट शेपटीला गुरफटलं, माणूस खाली लोंबकळत राहिला. जवळ आकड्यासारखी वाकडी सुरी होती म्हणून निभावलं. मिनिटभराच्या आत त्याने अकरा दोऱ्या कापल्या, सुटला, मुख्य पॅराशूट उघडलं आणि पायांना मार लागलेल्या अवस्थेत, पण जिवंत, खाली उतरला. शेपटीला मार बसलेलं विमान वैमानिकाने कसंबसं धावपट्टीवर आणलं.

या अपघातात पॅराशूट बिघडलेलं नव्हतं. हँडल ओढलं की राखीव पॅराशूट उघडायचं, एवढंच त्याचं काम. ते त्याने चोख केलं. जागा तेवढी चुकली. स्कायडायव्हर विमानात बसण्याआधी आणि दार उघडण्याआधी एकमेकांचं सामान न्याहाळतात त्यात जिव्हाळा असतोच, पण स्वार्थही असतो. एकाचं हँडल सैल असेल, तर संकट सगळ्या विमानावर येतं.

पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात, खाली मुख्य आणि वर राखीव. प्रत्येकाचा कप्पा एका दोरीच्या फाशाने बंद केलेला असतो आणि त्या फाशातून एक पिन आरपार गेलेली असते. पिन सरकली की कप्पा उघडला. मुख्य पॅराशूट उघडण्यासाठी हाताने एक छोटी छत्री हवेत सोडायची. तिला पायलट शूट म्हणतात. ती वाऱ्याने फुगते, पिन ओढते आणि मागोमाग मोठं कापड बाहेर काढते. राखीव पॅराशूटच्या पायलट शूटमध्ये स्प्रिंग असते, म्हणजे ते वाऱ्याचीही वाट बघत नाही. मुख्य पॅराशूट गुंतलं तर ते सोडून देण्यासाठी खांद्यांवर एकात एक ओवलेल्या तीन-तीन कड्या असतात. ही बिल बूथ या अमेरिकनाची करामत. शेकडो किलोंचा ओढा एका कडीकडून दुसरीकडे जाताना घटत जातो आणि शेवटच्या बारीक फाशावर एखाद-दोन किलोंचाच उरतो, म्हणून तो बोटांच्या झटक्याने सुटतो. मात्र कड्या ओवताना क्रम चुकला की हे सगळं गणितच कोसळतं.

आता दाराचा हिशेब. उडीच्या वेळी विमानाचा वेग ताशी 140-150 किलोमीटर धरू. साधारण चार किलोमीटर उंचीवर हवा विरळ असते, तरी या वेगाला ती प्रत्येक चौरस मीटरवर सहाशे-सातशे न्यूटनांचा दाब देते. पायलट शूट असतं जेमतेम पाऊण मीटर व्यासाचं. चुकून दारात सुटलं तर ते वीसेक किलोंच्या ओढीने मागे खेचतं. पिन सरकायला याच्या एक दशांशही पुष्कळ. मग मोठं कापड बाहेर येतं, आणि त्याच्या ओढीपुढे आतल्या माणसाने दार धरून ठेवणं ही निव्वळ कल्पना आहे. हँडल कुठे अडकेल, कोणाच्या कोपराला लागेल, सीटबेल्टच्या बकलात गुंतेल, याची दाटीवाटीच्या विमानात सतत चिंता असते ती यामुळेच.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे आठवतं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी 2018 मध्ये थायलंडमधल्या पटाया इथे नऊवारी नेसून 13 हजार फुटांवरून उडी मारली. त्याची बातमी झाली ती साडीमुळे, आणि कौतुकही त्याच अंगाने झालं. मला मात्र त्यात अभियांत्रिकी दिसते. सव्वाआठ मीटर कापड अंगावर, त्यावरून मांड्यांना आणि छातीला आवळलेले पट्टे, आणि खाली पडण्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. या वेगाला सुटा पदर म्हणजे दुसरं पायलट शूटच. तो हँडलवर आला तर हात हँडलपर्यंत पोचायचा नाही, पाठीमागे गेला तर उघडणाऱ्या छत्रीत गुंतायचा. कासोट्याची साडी असल्याने पायांचे पट्टे नीट बसतात, हा नऊवारीचा फायदा; गोल साडीत ते जमलंच नसतं. या बाईंनी 2004 मध्ये आयुष्यातली पहिली उडी थेट उत्तर ध्रुवावर, उणे 37 अंशांत मारली होती. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ठाणे-डोंबिवलीच्या वाचकाला हौस म्हणून उडी मारायची झाली, तर पहिली उडी बहुधा टँडम असते. प्रशिक्षकाच्या छातीला जखडून मारायची. तेव्हा आपल्या अंगावरच्या पट्ट्यांना चार ठिकाणी हुक लावले जातात, दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी. दाराकडे सरकण्याआधी प्रशिक्षक ते तपासतो. आपणही मनात चार मोजायला हरकत नाही. पैसे आपले आहेत.

सराईत उडी मारणाऱ्यांची तपासणी तीन-तीनच्या हिशेबाने चालते: तीन कड्या नीट ओवल्या आहेत का, छाती आणि दोन मांड्या हे तीन पट्टे बकलातून बरोबर फिरले आहेत का, तीन हँडलं आपापल्या जागी आहेत का. आणि शेवटी पाठ. पिन पाठीवर असते, आणि स्वतःची पाठ कोणाला दिसत नाही. तिथे दुसरा माणूस लागतोच. शेवटची भिस्त असते एका छोट्या यंत्रावर. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी 1991 मध्ये बाजारात आणलेलं सायप्रस हे यंत्र उंची आणि वेग मोजत राहतं. साडेसातशे फुटांवरही माणूस ताशी 126 किलोमीटरहून जास्त वेगाने पडत असेल, तर ते राखीव पॅराशूटचा फासा कापून टाकतं. फक्त ते जमिनीवर असतानाच सुरू केलेलं असलं पाहिजे. सुरू केलंस का, हेही कोणीतरी विचारावं लागतं.

विचारावं लागतं असं लिहिलं खरं, पण खरी मेख विचारण्यातच आहे. "सगळं ठीक ना?" या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच असतं. समोरचा "हो" म्हणतो आणि दोघांचंही समाधान होतं. समजा एक माणूस तपासताना दहांतून एकदा चूक नजरेआड करतो. दुसऱ्याने स्वतंत्रपणे, पहिल्याने पाहिलंच नाही असं धरून तपासलं, तर दोघांच्याही नजरेतून तीच चूक सुटण्याची शक्यता शंभरात एक. पण "त्याने बघितलंय" म्हणून दुसऱ्याने नुसती नजर फिरवली, तर शक्यता दहात एकच राहते, वर दोघांनी तपासल्याचा खोटा भरवसा मिळतो. तिसरा आणि चौथा असाच जोडत गेलात तर तपासणी उलट ढिली होते, कारण जबाबदारी कोणा एकाची उरत नाही.

यावर रेल्वेने जुना तोडगा काढलेला आहे. कल्याणहून कसारा घाटाकडे जाणाऱ्या गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि सहायक प्रत्येक सिग्नल पाहून त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. घाटात चढ 37 फुटांना एक फूट. तिथे "बघितला असेल त्याने" चालत नाही. जपानी रेल्वेत त्याच्या जोडीला बोटही दाखवतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने 1994 मध्ये प्रयोग केला तेव्हा साध्या कामात शंभर कृतींमागे 2.38 चुका होत होत्या. बोट दाखवून मोठ्याने म्हटल्यावर त्या 0.38 वर आल्या. डोळा सवयीने धावतो. बोट आणि जीभ त्याला थांबवतात.

विमानातून उड्या मारणारे आपल्याकडे मोजकेच. पण शनिवारी रात्री कसारा लोकलने आसनगावला उतरून माहुलीकडे निघणारे डोंबिवलीकर, कल्याणकर भरपूर. त्यातले काही माहुलीशेजारच्या वजीर सुळक्यावर चढतात, बरेच जण पावसाळा संपला की रॅपलिंग करतात. त्यांचं सामान वेगळं, चुका मात्र याच जातीच्या: हार्नेसचा पट्टा बकलातून परत न फिरवलेला, स्क्रूगेट कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायची स्क्रूची कडी, न आवळलेला, आठच्या गाठीचा दुसरा फेरा राहून गेलेला. यातली प्रत्येक गोष्ट बोटाने चाचपता येते. कॅरॅबिनर दाबून बघायचा, उघडला तर उघडा होता. गाठीवर बोट ठेवून दोन्ही पदर शेवटपर्यंत शोधायचे. जाकीट असेल तर वर करायला सांगायचं.

जाकिटाचं उगाच लिहिलेलं नाही. मे 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यूच्या कड्यावर लिन हिल या अमेरिकन आरोहकाची गाठ अर्धवटच राहिली आणि जाकिटाखाली ती झाकली गेली. वर पोचून खाली येण्यासाठी तिने दोरावर भार टाकला आणि ती सत्तरेक फूट कोसळली. झाडात पडल्याने वाचली, कोपर निखळलं, पावलाचं हाड मोडलं. तेव्हा ती जगातल्या पहिल्या फळीतली आरोहक होती. पुढे 1993 मध्ये तिने अमेरिकेतल्या एल कॅपिटन या कड्यावरचा नोझ हा मार्ग केवळ हातापायांच्या बळावर सर केला. तिची गाठ कोण तपासणार, असं तिथल्या कोणाला वाटलं असेल की नाही, सांगता येत नाही. आपल्याकडे मात्र हमखास वाटतं. गटातल्या नवख्याचा हार्नेस तिघे बघतात, पण वीस वर्षं सह्याद्रीत काढलेल्या दादांचा कोणी बघत नाही. "दादा, तुमचा स्क्रूगेट" म्हणायला जीभ रेटत नाही. माझ्या मते ज्येष्ठाने नवख्याला बोलावून आधी स्वतःचं सामान तपासून घ्यावं, काय बघतोस ते मोठ्याने म्हणायला लावावं, आणि मगच त्याच्या गाठीला हात घालावा. नवखा शिकतो आणि दादाही वाचतात.

हात घालण्याचाही रिवाज आहे. स्कायडायव्हर दुसऱ्याच्या सामानाला न विचारता स्पर्श करत नाहीत. पाठीवरची पिन बघायची तर वरचं झाकण उचलावं लागतं, आणि ते परत नीट खोचलं नाही तर तपासणाऱ्यानेच वाऱ्याला पिनेची वाट मोकळी करून दिली असं होतं. म्हणून आधी सांगायचं, झाकण उचलायचं, पिन पूर्ण आत आहे आणि फासा झिजलेला नाही हे बघायचं, झाकण दाबून खोचायचं, आणि मग झालं म्हणून सांगायचं. तोवर ज्याची पाठ आहे त्याने हलायचं नाही.