भिंत उंच, पहारा अपुरा: बंगळुरूच्या कारागृहात मोबाइल पोहोचतो कसा?

बंगळुरूच्या परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहातील काही चित्रफिती नोव्हेंबर २०२५ मध्ये वृत्तवाहिन्यांवर दाखवण्यात आल्या. गंभीर गुन्ह्यांतील कैदी त्यांत मोबाइल वापरताना दिसत होते, तर एका चित्रफितीत कैद्यांचे नाचगाणे चालले होते. कर्नाटक सरकारने दोन अधिकाऱ्यांना निलंबित केले, मुख्य अधीक्षकांची बदली केली आणि चौकशीसाठी उच्चस्तरीय समिती नेमली.

मात्र या कारागृहात प्रतिबंधित वस्तू सापडण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. चित्रफिती, निलंबन, समिती आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार, हा क्रम येथे अनेकदा घडला आहे. त्यामागील कारणे शोधताना भ्रष्टाचाराइतकाच मनुष्यबळाचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो.

जुनाच प्रश्न

शहराच्या मध्यभागी शेषाद्री मार्गावर असलेले जुने कारागृह अपुरे पडू लागल्याने परप्पन अग्रहार येथे नवे कारागृह उभारण्यात आले. जुन्या कारागृहाच्या जागेवर आज फ्रीडम पार्क आहे. नव्या कारागृहातील कैद्यांची संख्या अलीकडच्या काळात पाच हजारांच्या आसपास राहिली आहे.

मुद्रांक घोटाळ्यातील मुख्य आरोपी, बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याला २००१ मध्ये अटक झाली. बंगळुरूच्या कारागृहात असतानाही तो मोबाइलवरून संपर्कात असल्याचे तपास यंत्रणांना आढळले होते. पुढे जुलै २०१७ मध्ये तत्कालीन कारागृह उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी वरिष्ठांना अहवाल सादर केला. तमिळनाडूतील नेत्या व्ही. के. शशिकला यांना वेगळे स्वयंपाकघर आणि तेलगीला मदतीसाठी अन्य कैदी पुरवण्यात आल्याचे त्यात म्हटले होते. लाचखोरीचा आरोप संबंधित वरिष्ठ अधिकाऱ्यांनी फेटाळला. रूपा यांची काही दिवसांतच बदली झाली. मात्र निवृत्त सनदी अधिकारी विनय कुमार यांच्या चौकशीतून शशिकला यांना विशेष वागणूक मिळाल्याच्या मुद्द्याला दुजोरा मिळाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये हत्येच्या प्रकरणातील आरोपी असलेला कन्नड अभिनेता दर्शन याचे कारागृहाच्या आवारात खुर्चीवर बसून, हातात सिगारेट आणि कप घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याच्यासोबत एक कुख्यात गुंडही होता. नऊ कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले आणि दर्शनला बळ्ळारीच्या कारागृहात हलवण्यात आले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी त्याचा जामीन रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीला कारागृहात विशेष सोयी मिळाल्याचे आढळल्यास अधीक्षकांसह संबंधितांवर कारवाई होईल, असे बजावले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत नोव्हेंबरमधील चित्रफिती समोर आल्या.

पहाऱ्याचे गणित

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार दर सहा कैद्यांमागे एक रक्षक असावा, अशी अपेक्षा आहे. या हिशेबाने पाच हजार कैद्यांसाठी आठशेहून अधिक रक्षक लागतात. मात्र पहारा चोवीस तासांचा असतो. तीन पाळ्यांत विभागणी केल्यास एका वेळी पावणेतीनशेच्या आसपास रक्षक उपलब्ध होतात. म्हणजे सर्व पदे भरलेली असली आणि कोणी रजेवर नसले, तरीही एका रक्षकाच्या वाट्याला सुमारे अठरा कैदी येतात. त्यातही मुख्य द्वार, भेटकक्ष, मनोरे, रुग्णालय आणि कार्यालय यांसाठी माणसे वेगळी काढल्यावर प्रत्यक्ष बराकींवर राहणाऱ्यांची संख्या आणखी घटते.

वस्तुस्थिती यापेक्षा बिकट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ४ लाख ३६ हजारांच्या क्षमतेच्या तुलनेत ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते, तर कर्मचाऱ्यांची सुमारे ३० टक्के मंजूर पदे रिक्त होती. कैदी क्षमतेपेक्षा जास्त आणि रक्षक मंजुरीपेक्षा कमी, असा हा दुहेरी ताण आहे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची मूळ क्षमता ८०४ असताना तेथे तिपटीहून अधिक कैदी ठेवले गेल्याचे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक आहेच.

रक्षक अपुरे असले की बराकीची व्यवस्था कैद्यांच्याच हाती जाते. १८९४ च्या कारागृह कायद्यात कैद्यांमधून अधिकारी नेमण्याची तरतूदच होती. आज अनेक ठिकाणी हे काम अनौपचारिकपणे चालते. कोण कोठे झोपेल, रुग्णालयात आधी कोण जाईल, वाद कोण मिटवेल, हे बराकीतील प्रबळ कैदी ठरवू लागतो. बराक शांत ठेवण्यासाठी रक्षकाला त्याची गरज भासते आणि त्या शांततेच्या मोबदल्यात मोबाइल किंवा सिगारेटकडे काणाडोळा केला जातो. येथे लाचेचीही गरज उरतेच असे नाही.

वस्तू आत येण्याचे मार्ग

प्रतिबंधित वस्तू आत येण्याचे मार्ग सर्वत्र सारखेच आहेत. भिंतीवरून पुडकी फेकली जातात, भेटीला येणाऱ्यांच्या सामानातून वा धान्य-भाजीपाल्याच्या वाहनांतून वस्तू येतात, न्यायालयातून परतणारे कैदी त्या शरीरात लपवून आणतात. इंग्लंड आणि वेल्समधील कारागृहांत तर ड्रोनद्वारे अमली पदार्थ व मोबाइल पोहोचवले जात असून तेथील मुख्य कारागृह निरीक्षकांनी जानेवारी २०२५ मध्ये त्याबाबत गंभीर इशारा दिला होता.

मात्र सर्वांत कठीण मार्ग कर्मचाऱ्यांचा आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने परप्पन अग्रहार कारागृहातील मनोचिकित्सकाला अटक केली. कैद्यांना मोबाइल पुरवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. दहशतवादाशी संबंधित प्रकरणाच्या तपासातील ही कारवाई होती. सप्टेंबर २०२५ मध्ये कारागृहाच्याच एका कर्मचाऱ्याला अमली पदार्थ आत नेत असल्याच्या आरोपावरून प्रवेशद्वारावर पकडण्यात आले. रोज आत-बाहेर करणाऱ्या सहकाऱ्याची प्रत्येक वेळी कसून झडती घेणे अपुऱ्या आणि थकलेल्या कर्मचाऱ्यांकडून होत नाही. बाहेरच्या दलाकडे झडतीचे काम सोपवण्यामागे हाच विचार आहे.

यंत्रांची मर्यादा

मोबाइल आत आलाच, तरी तो निरुपयोगी व्हावा, यासाठी जॅमर बसवले जातात. परंतु जुनी यंत्रणा नव्या पिढीच्या संदेशलहरी रोखू शकत नाही, आणि यंत्रणेची क्षमता वाढवल्यास त्याचा त्रास भिंतीबाहेर होतो. परप्पन अग्रहार परिसरातील रहिवाशांनी २०२४ मध्ये, घरात फोन लागत नसल्याच्या तक्रारी केल्या होत्या.

कॅमेऱ्यांचीही तीच गत आहे. शेकडो कॅमेऱ्यांची दृश्ये पाहण्यासाठी माणसे हवीत आणि संशयास्पद काही दिसल्यास तातडीने बराकीत जाण्यासाठीही माणसे हवीत. यंत्र पहारेकऱ्याला साह्य करते. त्याची जागा घेत नाही.

कायदाही कठोर होत आहे. १८९४ च्या कायद्यात प्रतिबंधित वस्तू आत नेण्यास कमाल सहा महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होत्या. केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात मोबाइल बाळगण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद सुचवण्यात आली. कारागृहे हा राज्यसूचीतील विषय असल्याने अंमलबजावणी मात्र राज्यांवर अवलंबून आहे.

किंमत कोण मोजतो?

याची झळ सर्वप्रथम साक्षीदारांना आणि पीडितांच्या कुटुंबांना बसते. आरोपी गजाआड आहे, या विश्वासावर ते साक्ष देण्यास तयार होतात. आतून आलेला एक दूरध्वनी तो विश्वास मोडण्यास पुरेसा ठरतो.

दुसरी झळ सामान्य कैद्याला बसते. २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन, म्हणजे दोष सिद्ध न झालेले होते. ज्याच्याकडे पैसा वा ओळख नाही, त्याला झोपायच्या जागेसाठीही बराकीतील प्रबळ कैद्याची मर्जी सांभाळावी लागते. अधिकृत दूरध्वनीची सोय अपुरी असेल, तर घरच्यांशी बोलण्यासाठी तो चोरट्या मोबाइलकडे वळतो आणि त्या व्यापाराचा ग्राहक बनतो.

दोषी कर्मचाऱ्यांवर कारवाई आवश्यकच आहे. मात्र निलंबनाने रिकामी झालेली जागा वेळेत भरली नाही, तर उरलेल्यांवरील भार वाढतो आणि बराकीतील सत्ता आणखी घट्ट होते. रिक्त पदांची भरती, रक्षकांची ठराविक काळाने अदलाबदल, झडतीसाठी स्वतंत्र दल, न्यायालयीन हजेरीसाठी दूरदृश्य प्रणाली, कैद्यांना अधिकृत दूरध्वनी आणि न्यायाधीन कैद्यांच्या प्रकरणांचा जलद निपटारा हे उपाय वेगवेगळे दिसत असले, तरी एका रक्षकामागील कैद्यांची संख्या आवाक्यात आली तरच ते परिणामकारक ठरू शकतील.