मोटारगाडीतील रिले

मोटारगाडीत संगीत ऐकण्याची हौस वाढली, की एका विवर्धकाने भागत नाही. बाजारात ॲम्प्लिफायर या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र रेडिओकडून आलेला क्षीण विद्युत्-संकेत बलवान करून कर्ण्यांकडे पाठविते. हौशी मनुष्य पुढच्या कर्ण्यांसाठी एक, मागच्यांसाठी दुसरा आणि खर्जाच्या मोठ्या कर्ण्यासाठी तिसरा, असे तीन विवर्धक गाडीत बसवितो. रेडिओ सुरू होताच ही तिन्ही यंत्रे जागी झाली पाहिजेत व तो बंद होताच निजली पाहिजेत. त्यांतील एखादे रात्रभर जागे राहिले, तर सकाळी गाडी सुरू करण्याइतकी शक्ती बॅटरीत उरेलच असे नाही.

जागे होण्याची सूचना एका बारीक तारेतून जाते. पुष्कळ रेडिओंत ही तार निळी असून तीवर पांढरी रेघ असते. रेडिओ चालू असेपर्यंत तीवर सुमारे १२ व्होल्ट दाब असतो. विवर्धकास लागणारी सारी शक्ती याच तारेतून जाते, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. ५०० वॅट शक्ती देणारा विवर्धक पूर्ण जोराने चालला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून तो निदान ४२ ॲम्पिअर प्रवाह ओढील. त्यासाठी बॅटरीपासून निघालेली जाड तार व तिचा फ्यूज निराळा असतो. निळी तार केवळ निरोप्या होय.

तथापि निरोप्याच्या बळालाही मर्यादा असते. या तारेमागे रेडिओत बहुधा एक लहानसा ट्रान्झिस्टर काम करतो. त्याने किती प्रवाह द्यावा हे रेडिओच्या माहितीपत्रकात दिलेले असते, आणि तो आकडा पुष्कळदा एका ॲम्पिअरहून बराच कमी असतो. एका विवर्धकाची सूचना तो सहज पोहोचवितो. परंतु तीन विवर्धक, त्यांना थंड ठेवणारे पंखे आणि वरखाली होणारी एरिअल हे सर्व त्याच तारेवर लादले, म्हणजे दाब खाली येतो, एखादा विवर्धक मध्येच बंद पडतो आणि अखेर ट्रान्झिस्टर जळतो. मग क्षुल्लक किमतीच्या भागासाठी सबंध रेडिओ उघडावा लागतो.

यावर उपाय म्हणजे रिले. दमलेल्या घोड्यांच्या जागी ताजे घोडे जोडणे, हा या शब्दाचा जुना अर्थ. आपल्याकडील डाकचौकीवर एक हरकारा थैली दुसऱ्याच्या हाती देई, तोच हा प्रकार. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टन येथे क्षीण प्रवाहाने विद्युत्-चुंबक चालवून त्याच्याकरवी दुसरे बलवान मंडल ताब्यात ठेवण्याची युक्ती योजिली. पुढे तारायंत्राला हीच युक्ती उपयोगी पडली. गाडीतील रिले म्हणजे तिचेच काड्यापेटीहून लहान रूप आहे. वेटोळ्यातून प्रवाह गेला, की चुंबक लोखंडी पट्टी ओढतो, ‘टक्’ असा आवाज होतो आणि दोन टोके जुळतात.

रिलेच्या तळाशी असलेल्या पात्यांवर जर्मन मानक डीआयएन ७२५५२ प्रमाणे आकडे असतात. ८६ या पात्यास रेडिओची निळी तार जोडावी. ८५ हे पाते गाडीच्या धातूच्या सांगाड्यास, रंग खरवडलेल्या जागी, जोडावे. ३० या पात्यास बॅटरीच्या धन टोकाची तार द्यावी. या तारेत बॅटरीच्या अगदी जवळ लहान फ्यूज असलाच पाहिजे, कारण फ्यूजविना तार कोठे घासून सांगाड्यास टेकली, तर ती तापून आग लागू शकते. ८७ पासून निघालेल्या तारेस फाटे फोडून तिन्ही विवर्धकांच्या सूचना-टोकांशी न्यावे. काही रिलेंत ८७-अ असे पाचवे पाते मध्यभागी असते. ते येथे निरुपयोगी म्हणून उघडे सोडण्याचा मोह होतो. परंतु रिले स्वस्थ असताना ते ३० शीच जोडलेले असते, म्हणजे त्यावर बॅटरीचा पूर्ण दाब असतो. त्यावर रोधक वेष्टन चढविणे अवश्य आहे.

वेटोळ्याचा रोध ९० ओहम धरला, तर १२ व्होल्ट दाबाने त्यातून सुमारे ०·१३ ॲम्पिअर प्रवाह वाहतो. रेडिओवर आता एवढाच भार राहतो, मग विवर्धक तीन असोत की सहा. यावरून हेही दिसते, की ज्याच्या गाडीत एकच विवर्धक आहे त्याने रिले बसविण्याची यातायात करू नये. विवर्धकाच्या सूचना-टोकापेक्षा वेटोळेच बहुधा अधिक प्रवाह घेईल.

वेटोळ्याचा एक खोडसाळ गुण मात्र विसरता येत नाही. त्यातील प्रवाह एकाएकी तुटला, की मावळणारे चुंबकीय क्षेत्र क्षणभर उलट दिशेचा मोठा दाब निर्माण करते. या स्वयंप्रवर्तनाविषयी हेन्री यांनीच १८३२ मध्ये लिहिले होते. ज्या ट्रान्झिस्टरला वाचवावयाचे, त्यालाच हा धक्का मारू शकतो. यास्तव ८५ व ८६ यांच्यामध्ये एक डायोड जोडतात. त्याच्या अंगावरील पट्ट्याचे टोक ८६ कडे असावे. ते उलट लागले, तर रेडिओ सुरू करताच निळी तार सरळ सांगाड्यास जोडल्यासारखी होते. काही रिलेंत डायोड आतच बसविलेला असतो; अशा वेळी ८५ आणि ८६ यांची अदलाबदल चालत नाही.

जोडणीपूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडून ठेवावे. काम झाल्यावर रेडिओ सुरू करून ८७ वर सुमारे १२ व्होल्ट मिळतात की नाही, हे मापकाने पाहावे. ‘टक्’ ऐकू येते पण दाब मिळत नाही, असे झाल्यास प्रथम ३० कडील फ्यूज तपासावा. आवाजच नसेल, तर ८५ ची सांगाड्याशी जोडणी सैल असण्याचा संभव अधिक.