परतीची वाट ठेवून पुढे जाणे

मागच्या व्याख्यानानंतर काहींनी विचारलं, "सर, घरच्या संगणकावर विंडोज 10 आहे. बदलायचं की नाही?" प्रश्न यंत्राचा दिसतो खरा, पण मुळात तो निर्णयाचा आहे. म्हणून आज तोच घेऊ.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा पाठिंबा थांबवला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र थांबल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ मिळाली, एवढंच. म्हणजे बघा, आहोत तिथेच राहणं हाही निर्णयच झाला, आणि त्यालाही जोखीम आहे. तरी माणूस हलत नाही. नवीन घातलं आणि प्रिंटर चालला नाही तर? हिशेबाचा जुना प्रोग्रॅम उघडला नाही तर? ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे आधी परतीची वाट बांधणे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाविषयी सांगितलं आहे, की एकच दरवाजा असणं हा मोठा दोष. आणखी दरवाजे, चोरदिंड्या ठेवाव्यात. मात्र नेहमीच्या राबत्याला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली दिंडी विंडोज स्वतःच ठेवते. तुम्ही विंडोज 11 वर गेलात की जुनी प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राहते. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी असं गेलं की 'गो बॅक' सापडतं. पण मुदत साधारणपणे 10 दिवसांची. शिवाय जागा मोकळी करायला म्हणून तो फोल्डर तुम्हीच पुसलात, तर वाट त्याच दिवशी बंद. आणि हा फोल्डर त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

म्हणून दुसरी दिंडी आपण बांधायची. बाहेरच्या हार्ड डिस्कवर संपूर्ण संगणकाची प्रतिमा, म्हणजे सिस्टीम इमेज, काढून ठेवायची. सोबत संगणक सुरू करता येईल असा रिकव्हरी पेनड्राइव्ह हवाच. तो नसेल तर बंद पडलेल्या संगणकावर ती प्रतिमा चढवणार कशी? डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती फक्त त्याच संगणकात ठेवणं म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेणं.

तिसरी गोष्ट, आपल्या फाइल आणि फोटो यांची वेगळी प्रत. ती करून थांबू नका. दुसऱ्या संगणकावर त्यातल्या चार-पाच फाइल उघडून बघा. जी वाट कधी चालून पाहिली नाही, ती आहे असं आपण फक्त मानतो. आपल्याला ते माहीत नसतं. ज्ञान आणि समजूत यांतला हा फरक मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. इथे त्याची किंमत नातवंडांच्या फोटोंत मोजावी लागते.

आता ते 10 दिवस. ते वाट पाहण्यासाठी नाहीत, परीक्षेसाठी आहेत. पहिल्या दोन दिवसांतच प्रिंटर चालवा, बँकेचं काम करा, मराठी टंकून बघा, जुन्या फॉन्टमधली कागदपत्रं उघडा. अडलं तर निःसंकोच मागे या. मात्र मागे येताना मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम जातात, म्हणून नवं काम बाहेरही साठवा.

आणि सगळं नीट चाललं, तर? तर ती पहिली दिंडी चिणली जाऊ द्या. बाहेरची प्रत मात्र राहू दे. ती राबत्याची वाट आहे. एक पाय कायम मागे ठेवून कोणी पुढे जात नाही. परतता येतं हे ठाऊक असलं, की माणूस नव्याची पारख शांतपणे करतो. आणि पारख झाली, की त्याने मुक्काम करावा.