सांस्कृतिक राजधानी आणि शेवटची एस. टी.

पुण्याला महाराष्ट्राची सांस्कृतिक राजधानी म्हणण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, राजधानीला प्रजाही असते आणि ती सर्वच प्रजा लकडी पुलाच्या आसपास राहत नाही, याचा सहज विसर पडतो. इंदापूर तालुक्यात नीरेच्या खोऱ्यात वसलेले निरवांगी हे गाव पुणे जिल्ह्यातच मोडते. या तालुक्यातला विद्यार्थी पदवी घेतो तीही पुण्याच्याच विद्यापीठाची. परंतु बालगंधर्व रंगमंदिरात रात्रीच्या प्रयोगाचा पडदा वर जातो, तेव्हा त्याचे घर १२५ किलोमीटरांहून अधिक दूर असते आणि परतीचा विचार त्याने प्रयोगाला येण्यापूर्वीच करावयाचा असतो.

पुण्याचे कलावैभव पुण्यातच उगवले, असे मात्र म्हणता येणार नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ उत्तरेतील कैरान्याचे, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे. १९४५ साली त्यांचा अंत झाला तो पुण्यात. राजा दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास प्रारंभ केला आणि १९७५ साली आपला संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील अडकित्ते, समया, दौती, वाद्ये ही दौलत जुन्या वाड्यांतून आणि गावोगावच्या माजघरांतून आलेली आहे. आजीच्या हातातला अडकित्ता पाहण्यासाठी नातवाने बाजीराव रस्ता गाठावा, असा हा व्यवहार आहे.

यात पुण्याचा दोष काढण्याचे कारण नाही. हजारभर आसनांचे नाट्यगृह रोज भरावयाचे तर त्यामागे लाखोंची वस्ती लागते. ते निरवांगीत उभे राहणार नाही, हे अर्थशास्त्राचे साधे गणित आहे. कलावंत बाजारपेठेकडे जातो आणि बाजारपेठ वस्तीकडे. प्रश्न आहे तो गावाच्या श्रोत्याला या बाजारपेठेत प्रवेश किती खर्चाने मिळतो, हा. तिकिटाची किंमत या खर्चाचा लहानसा भाग असते. जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेला दिवस आणि रात्रीचा मुक्काम मिळून जी रक्कम होते, तीच खेड्यातल्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या दृष्टीने खरी किंमत.

सवाई गंधर्व महोत्सवाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गुरूच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ साली सुरू झालेला हा महोत्सव अनेक दशके रात्रभर चालत असे. शाल पांघरून रमणबागेच्या पटांगणात बसलेला परगावचा श्रोता पहाटेची भैरवी ऐकून उठे, तो थेट स्वारगेटच्या पहिल्या गाडीकडे जाऊ शके. त्याला लॉज लागत नसे, ओळखीच्यांचे दार ठोठवावे लागत नसे. ती रात्र हीच त्याची धर्मशाळा होती! पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर बंधने आणली. मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. तथापि रात्रभराची बैठक संपली ती संपलीच. आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला शांत झोप मिळाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु नियमाचा भार कोणावर पडला, हेही पाहिले पाहिजे. कोथरूडचा श्रोता लवकर घरी पोहोचू लागला. परगावचा श्रोता मध्यरात्री स्थानकाच्या बाकावर आला.

याच्या उलट गावाची रीत पाहावी. जत्रेच्या तमाशाची सुपारी देण्यासाठी गावकरी पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत जातात, वर्गणीतून बिदागी ठरते आणि जत्रेच्या रात्री साऱ्या गावाला खेळ फुकट पाहता येतो. ज्याने वर्गणी दिली नाही, त्यालाही कोणी उठवीत नाही. कलेचा खर्च सर्वांनी मिळून उचलण्याची ही पद्धत एखाद्या अर्थतज्ज्ञाने सुचविलेली नव्हे. तिच्यात वर्षाकाठी एकच रात्र पदरात पडते, ही तिची मर्यादा. शिवाय फडाला जत्रांच्या हंगामाबाहेर काम थोडे, त्यामुळे कलावंतांच्या वाट्याला कर्ज येते. ही मर्यादा विसरून गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी पावसाळ्यात एखाद्या फडमालकाची वही पाहावी.

बारामतीला विद्या प्रतिष्ठानचे गदिमा सभागृह उभे राहिल्याने पुण्याला न जाताही काही पाहता-ऐकता येते, हे खरेच. केळकर संग्रहालयातील फार थोड्या वस्तू एका वेळी मांडता येतात. उरलेल्यांपैकी काही फिरत्या प्रदर्शनातून तालुक्याच्या महाविद्यालयांत आणणे अशक्य कोटीतील नाही. जिल्ह्याच्या नियोजन निधीतून रस्ते व इमारती होतात, त्यातच हाही खर्च बसू शकेल.

त्याहून स्वस्त उपाय राज्य परिवहनाच्या हाती आहे. महोत्सव आता मुकुंदनगरला, स्वारगेटच्या जवळच भरतो. सोलापूर रस्त्याने रात्रभर गाड्या धावतात खऱ्या, पण महामार्ग सोडल्यानंतर निरवांगीपर्यंतचा आडवळणाचा टप्पा अपरात्री पार पाडणे कठीण. डिसेंबरातील त्या मोजक्या रात्री शेवटच्या गायनानंतर तासाभराने बारामती-वालचंदनगर मार्गे एक गाडी सोडली, तर तिचे भाडे श्रोते देतील. अनुदान मागण्याची वेळ बहुधा येणार नाही. पहिल्या वर्षी निम्मी रिकामी गेली, तरी दुसऱ्या वर्षी ती पुन्हा सोडावी.