घुमटाचा रेटा

असोदा आणि त्याच्या भोवतालची खानदेशातील जुनी गावे जो सावकाश पाहील, त्याला घराची रुंदी गवंडी ठरवीत नसून लाकूड ठरविते, ही गोष्ट उमगल्यावाचून राहणार नाही. धाब्याला आडवी तुळई हवी, तुळईवर कड्या हव्यात, कड्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर हवा. आणि तुळईच्या लांबीपलीकडे खोली वाढवावयाची म्हटली की मध्ये खांब उभा करण्यावाचून गत्यंतर नाही. याच मुलखातील तापीच्या काठाने पश्चिमेकडे गेले असता शिरपूर तालुक्यातील थाळनेर येथे मात्र तुळई आणि खांब या दोहोंनाही रजा दिलेली छपरे आढळतात. ते घुमट होत; खानदेशाच्या फारुकी सुलतानांच्या कबरींवरचे.

१३७० साली फिरोजशहा तुघलकाने थाळनेर आणि करवंद हा मुलूख मलिक राजास जहागीर दिला. पुढे मलिक राजाने स्वतंत्र अंमल बसविला, आणि १३९९ मध्ये तो येथेच मातीआड झाला. बुऱ्हाणपूर वसविणारा त्याचा पुत्र नासिरखान हाही १४३७ मध्ये थाळनेरासच विसावला. या कबरींपैकी एक अष्टकोनी आणि कोरीव कामाने नटलेली आहे; बाकीच्यांचा तळ चौकोनी. चौकोनावर वर्तुळ बसवावयाचे म्हणजे चारही कोपऱ्यांत तिरप्या कमानी घालून आधी आठ बाजू साधावयाच्या, आणि मग आठांतून वर्तुळाकडे सरकावयाचे, ही त्या काळच्या कारागिरांची सर्वपरिचित रीत होती.

परंतु वर्तुळ साधल्याने काम संपत नाही. खरे संकट तेथूनच सुरू होते. अर्धगोल घुमटाच्या शिखराकडील भागात प्रत्येक आडवे कडे दाबले जाते, आणि दाब सहन करणे हा तर दगडविटांचा स्वभावच आहे. पण शिखरापासून सुमारे ५२ अंश खाली उतरले की तीच कडी ताणली जाऊ लागतात, आणि ताणापुढे चुना-विटांचे काहीएक चालत नाही. घुमट बुडाशी बाहेर फाकू पाहतो. हा रेटा कोणी, कोठे आणि कशाने अडवावयाचा, या एका प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास म्हणजेच घुमटांचा इतिहास, असे मी समजतो.

रोमन स्थपतींनी त्याचे उत्तर द्रव्यात शोधले. नेपल्सजवळच्या पोझुओली येथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली असता तो पाण्यातसुद्धा घट्ट होतो, हे त्यांना ठाऊक होते. आणि या मिश्रणात दगडांचे तुकडे रचून त्यांनी असे काँक्रीट सिद्ध केले की ज्याला लाकडी साच्यावर हवा तो आकार देता यावा. बाया येथील स्नानगृहाचा सुमारे २१ मीटर व्यासाचा घुमट हा त्यांचा आरंभीचा पराक्रम. त्यावर कळस चढविला तो हेड्रियन बादशहाच्या अमदानीत, इ. स. १२५ च्या सुमारास पुरे झालेल्या पँथिऑनने. त्याच्या घुमटाचा आतील व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून शिखराच्या झरोक्यापर्यंतची उंचीही तितकीच. म्हणजे त्या दालनात एक संपूर्ण गोल सामावतो. या समप्रमाणाची स्तुती पुष्कळ झाली आहे, पण माझे मन अधिक रमते ते भिंतीच्या पोटात. पायथ्याच्या काँक्रीटमध्ये जड दगड घातला, वर चढता चढता विटांचे तुकडे आणि हलका ज्वालामुखीज दगड आला, आणि माथ्याशी तर पाण्यावर तरंगणारा प्यूमिस वापरला. बुडाशी सुमारे सहा मीटर असलेली जाडी झरोक्यापाशी सव्वा मीटरच्या आसपास येते. जेथे भार सर्वांत घातक, तेथे तो सुमारे आठ-नऊ मीटर रुंदीचा झरोका ठेवून मुळातच वगळला आहे. बाहेरून बुडाभोवती पायऱ्यांसारखी जाड कडी चढवून रेटा दाबून धरला आहे.

एवढे करूनही घुमट फुटला. १९८६ साली रॉबर्ट मार्क आणि पॉल हचिन्सन यांनी त्याची गणिती तपासणी प्रसिद्ध केली. बुडापासून वर चढलेल्या उभ्या भेगांमुळे तो अखंड कवचाप्रमाणे नव्हे, तर एकमेकींना टेकलेल्या कमानींप्रमाणे उभा आहे, असे तीतून दिसते. भेगा पडूनही जवळजवळ एकोणीस शतके उभे राहणे हा मला त्या स्थपतींच्या दूरदृष्टीचा, न फुटण्याहूनही मोठा पुरावा वाटतो.

आपल्या सीमेवरील विजापुरात याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. महंमद आदिलशहाच्या गोल घुमटाचा कर्ता म्हणून परंपरा दाभोळच्या याकूताचे नाव सांगते. दालन प्रत्येक बाजूस सुमारे १३५ फूट, आणि घुमटाचा आतील व्यास मात्र सुमारे १२४ फूट. म्हणजे घुमट भिंतींच्या डोक्यावर नव्हे, तर आत ओढून बसविला आहे. एकमेकांवर तिरपे ठेवलेल्या दोन चौकोनांच्या आकृतीत आठ कमानी परस्परांना छेदतात, आणि त्यांच्यामधून पुढे झुकलेले बांधकाम आपल्या वजनाने आतल्या बाजूस ढळू पाहते. घुमट बाहेर रेटतो, हे आत ओढते. दोन्ही ओढी एकमेकींस खिळवून ठेवतात. रोमने रेटा वस्तुमानाने दाबला. याकूताने त्याच्यासमोर विरुद्ध रेटा उभा केला, आणि बुद्धीच्या कसोटीवर मला ही युक्ती वरचढ वाटते.

द्रव्याचे नाते मात्र दोहोंचे एकच. आपल्याकडे पोझुओलीची राख नव्हती; तिचे काम भाजलेल्या विटांच्या भुकटीने, म्हणजे सुरखीने, केले. घाणीत मळलेल्या चुन्याला सुरखी तोच घट्टपणा देते. शिवाय अशा चुन्यात बारीक भेग पडली आणि तीत पाणी झिरपले, तर विरघळलेला चुना पुन्हा साचून ती भेग काही अंशी बुजवितो. म्हणूनच थाळनेरच्या काय किंवा विजापूरच्या काय, जुन्या घुमटाच्या भेगेत सिमेंट भरू नये. ते जुन्या चुन्याहून कठीण असल्यामुळे त्याच्याबरोबर हलत नाही, आत शिरलेल्या ओलीची वाट बंद करते, आणि नवी भेग शेजारच्या विटेत पाडते. तेथे पुन्हा घाणीचा चुना आणि चाळलेली सुरखीच लागते.