भिंतीवरचं जुनं पोस्टर : मूळ, प्रत आणि बनावट

हल्ली हॉटेलांत, कॅफेत, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जुनी प्रवासी पोस्टरं लावलेली दिसतात. 'व्हिजिट इंडिया' ही मोठी अक्षरं, मधे ताजमहाल किंवा काश्मीर, कडेला रेल्वेचं नाव. ऑनलाइन हेच चित्र काहीशे रुपयांना मिळतं आणि दुसरीकडे 'ओरिजिनल' म्हणून त्याचेच हजारो रुपये सांगतात. मग आपण घेतो ते नेमकं काय असतं?

आमचं उत्तर आधीच सांगतो. जुन्या चित्राची नवी प्रत काढण्यात खोटं काही नाही. प्रत आपलं वय लपवते, तिथे खोटेपणा सुरू होतो.

सोलापूरकरांना हे फार समजावून सांगायला नको. दुसऱ्या गावात विणलेली चादरही ऊब देतेच. पण तिच्यावर 'सोलापुरी' असं लिहिलं की भांडण सुरू होतं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे ते यासाठीच, की माल कुठला हे मालावर खरं लिहिलेलं असावं. पोस्टरच्या बाबतीत 'कुठला' याच्या जोडीला 'केव्हाचा' हेही हवं.

आता ही पोस्टरं आली कुठून? १९२०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी रेल्वेने परदेशी प्रवाशांसाठी जाहिरात सुरू केली. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये कार्यालयं उघडली. चित्रकारांकडून चित्रं करून घेतली आणि त्यातली बरीच पोस्टरं मुंबईत, टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात छापली गेली. त्यांची छपाई दगडावरच्या छापातून, म्हणजे शिळामुद्रणातून आलेली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा पुढे वेगळी पत्र्याची प्लेट, आणि तोच कागद दरवेळी नेमका त्याच जागी बसवायचा. आपल्याकडे ही कला आधीच रुजली होती. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं किती घरांत पोचली, ते आपण जाणतोच.

'तारीख असली काय, नसली काय, चित्र छान आहे ना?' असं कोणी विचारेल. चित्र छान आहेच. पण ही पोस्टरं ज्या काळात लंडनच्या भिंतींवर शांत, ऐषआरामी हिंदुस्थान दाखवत होती, त्याच काळात, मे १९३० मध्ये, सोलापुरात मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. पोस्टरवर साल असेल तर या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहता येतात. साल गेलं की उरते ती नुसती सजावट, आणि सरकारला दाखवायचा होता तोच देश आपण 'तेव्हाचा भारत' म्हणून भिंतीवर टांगतो.

गंमत म्हणजे पुष्कळदा ही माहिती कोणी मुद्दाम पुसत नाही, ती कापली जाते. त्या काळच्या रेल्वे पोस्टरचं नेहमीचं माप २५ बाय ४० इंच. आजच्या ए-थ्री कागदाचं प्रमाण वेगळं, तो रुंदीच्या मानाने बुटका. चित्र पूर्ण रुंदीत बसवलं तर मूळ उंचीतले साडेचार इंचांहून जास्त बाहेर राहतात. मग खालची पट्टी उडते, आणि छापखान्याचं नाव बहुतेक तिथेच असतं. म्हणून प्रत घेताना कडेला पांढरी जागा सोडलेली घ्यावी, कापलेली घेऊ नये.

ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. शिळामुद्रणात रंगाचे सलग थर दिसतात, कुठे खडू घासल्यासारखी खरखर दिसते. ऑफसेटच्या प्रतीत निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा यांचे ठिपके शिस्तीत रचलेले दिसतात. इंकजेटमध्ये बारीक फवारा मारल्यासारखे विस्कटलेले कण असतात. पण घाई नको. जुन्या काळीही हाताने ठिपके देत आणि काही पोस्टरं ऑफसेटवरही निघाली. म्हणून दुसरी खूण पाहायची. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानांत असतो, तो कागदावर धरा. साधारण १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत उजळपणासाठी रसायन घालतात. तसा कागद निळसर चमकतो. '१९३५चं पोस्टर' असं चमकलं तर विचार करा. आणि खाली छापखान्याचं जुनं नाव दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. चित्राबरोबर त्या नावाचीही प्रत निघते.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे सरकारी प्रकाशनावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, चित्रकाराचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. त्यामुळे १९३०च्या दशकातल्या सरकारी रेल्वे पोस्टरची प्रत काढायला सहसा अडचण नाही. पण बाजारात तिसरा प्रकारही आहे. आजच्या चित्रकाराने जुन्या धाटणीत केलेलं नवं चित्र. त्यावर त्या चित्रकाराचा हक्क असतो. त्याला 'जुनं' म्हणून विकलं की गिऱ्हाईक फसतं आणि चित्रकाराचं नावही जातं.

तेव्हा दुकानदाराला चार गोष्टी विचारा. मूळ चित्र कोणाचं? कोणत्या सालचं? ही प्रत कोणी, केव्हा छापली? शाई पिगमेंटची की डायची? डायची शाई सहसा लवकर उडते, आणि आपल्याकडचं ऊन आपल्याला माहीतच आहे. समोरच्या भिंतीवर थेट ऊन येत असेल तर जागा बदला.

उत्तरं मिळाली की ती पेन्सिलीने प्रतीच्या मागे लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी ती प्रतही जुनी होईल. तेव्हा ती ज्याच्या हाती पडेल, त्याला निदान अंदाज करत बसावं लागणार नाही.