सासूबाईंचे पाय

सेवाग्राम आश्रमात गेलात की बापूकुटी बघून लगेच परतू नका. परचुरे कुटीतही डोकवा. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगी. त्या काळी अशा माणसाला कोण जवळ करणार? १९४०च्या सुमारास गांधीजी स्वतः त्यांना मालीश करायचे. देशाचा एवढा व्याप, तरी!

तिथे मला सासूबाई आठवल्या. माझी दोन्ही लेकरं त्यांनी सांभाळली, म्हणून मी लग्नानंतर बी.ए. झाले. पण 'तुम्ही होतात म्हणून जमलं' असं कधी म्हटलंच नाही.

मग ठरवलं, रोज रात्री १५ मिनिटं त्यांच्या पायांना तेल लावायचं. वहीत तारीख लिहिते, कारण मी पक्की आरंभशूर!

पहिल्या दिवशी त्यांनी पाय ओढून घेतले. "काय पाहिजे गं तुला?"

आता आठ वाजले की वाटी त्याच काढून ठेवतात.